सूर्यास्तानंतरची अटक

नर्मदेच्या उत्तर तीरावरील नेमावर हे गाव सिद्धनाथाच्या प्राचीन मंदिरामुळे यात्रेकरूंच्या परिचयाचे आहे. न्यायाच्या दृष्टीने ते मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या कक्षेत मोडते. याच न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती पु. वि. दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली विधि आयोगाने १९८० साली आपला चौऱ्याऐंशीवा अहवाल सादर केला. त्यास कारण झाली ती मात्र महाराष्ट्रातील एक घटना.

१९७२ च्या मार्चमध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात जबाबासाठी रात्री आलेल्या एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोघा शिपायांवर आला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, नागपूरच्या खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरविले. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, तेव्हा संमती असावी, असा त्या निर्णयाचा आशय होता. ठाण्याच्या चार भिंतींत, वर्दीपुढे, निमूटपणास संमती म्हणावे काय? हा प्रश्न १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांस लिहिलेल्या खुल्या पत्रात विचारला. पाठोपाठ देशभर स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर आल्या.

सरकारने प्रश्न आयोगाकडे सोपविला. आयोगाने महिन्याभरात उत्तर दिले. आयोगाच्या कामाची ही गती विरळाच म्हणावी लागेल!

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. १९५५ साली मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र भारताचा पहिला विधि आयोग नेमला गेला, तो सरकारी आदेशाने. त्यास संसदेच्या कायद्याचा आधार तेव्हाही नव्हता, पुढेही मिळाला नाही. ठराविक मुदतीने आयोग नव्याने नेमला जातो. तो अभ्यास करतो, मसुदा देतो आणि थांबतो. अधिकार नसल्यामुळेच त्यास कोणाची भीड बाळगण्याचे कारण उरत नाही, हे त्याचे बळ. आणि अहवाल कपाटात पडून राहिला तरी तो काही करू शकत नाही, हे त्याचे दौर्बल्य.

चौऱ्याऐंशीव्या अहवालाच्या वाट्यास दोन्ही आले. पोलिस कोठडीतील अशा प्रसंगी शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, ही शिफारस संयुक्त समितीच्या चर्चेतून जाऊन १९८३ साली पुरावा कायद्यात कलम ११४-अ म्हणून दाखल झाली. पीडितेचे नाव प्रसिद्ध करण्यास बंदीही त्याच दुरुस्तीने आली.

अपवादात्मक परिस्थितीवाचून स्त्रीस सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करू नये, ही शिफारस मात्र मागे राहिली. १९८९ साली दुसऱ्या एका आयोगाने स्त्रीकैद्यांविषयीच्या अहवालात तोच विषय पुन्हा मांडला. अखेर २००५ च्या दुरुस्तीने तो नियम फौजदारी प्रक्रिया संहितेत आला आणि २००६ च्या जूनपासून अमलात आला. १ जुलै २०२४ रोजी त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या त्रेचाळिसाव्या कलमात तो कायम आहे. नेमावरच्या ठाणेदारासही आज एखाद्या स्त्रीस रात्री अटक करावयाची झाल्यास महिला अधिकाऱ्याकरवी लेखी कारणे देऊन आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी घ्यावी लागते.