बारा फुटी शिंगांचं हरीण नामशेष का झालं? शिंगांपेक्षा चाऱ्याचा हिशोब महत्त्वाचा

खांद्यापाशी ७ फूट उंच, वजन ५०० किलोच्या वर आणि डोक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत १२ फुटांपर्यंत पसरलेली शिंगं. असं हरीण एकेकाळी आयर्लंडपासून रशियातल्या सायबेरियापर्यंत चरत होतं. त्याला 'आयरिश एल्क' म्हणतात. नाव मात्र फसवं आहे. ते फक्त आयर्लंडचं नव्हतं आणि एल्क जातीचंही नव्हतं. आज जिवंत असलेल्यांत त्याचं जवळचं नातं फॅलो नावाच्या ठिपकेवाल्या हरणाशी आहे.

सापडलं कसं?

आयर्लंडमध्ये दलदलीत कुजलेल्या झाडपाल्याचा काळा थर असतो. त्याला पीट म्हणतात. तिथले लोक तो कापून, वाळवून जळणाला वापरत. या थराखालच्या चिखलात मोठमोठी शिंगं निघायची. १६९७ मध्ये डब्लिनचे डॉक्टर थॉमस मॉलिनो यांनी त्यावर लिहिलं. देवानं घडवलेली जात समूळ नष्ट होणार नाही, असं तेव्हा लोक मानत. त्यामुळे हा प्राणी अमेरिकेत अजून जिवंत असेल, असा त्यांचा समज होता. पुढे १८१२ मध्ये फ्रान्सचे शास्त्रज्ञ जॉर्ज क्युविए यांनी हाडं ताडून दाखवली. हा आजचा कुठलाच प्राणी नाही, ही जात संपली, हे तेव्हा पक्कं झालं.

शिंगांवर खापर

बरीच वर्षं सांगितलं जायचं की शिंगं वाढत वाढत इतकी जड झाली की हरणाला मान उचलवेना. १९७४ मध्ये अमेरिकेचे स्टीफन जे गूल्ड यांनी बरीच शिंगं आणि कवट्या मोजून हिशोब मांडला. हरणांत शरीर जितकं मोठं, त्याहून जास्त पटीनं शिंगं वाढतात. त्या मानानं याची शिंगं बरोबरच होती. हजारो वर्षं ती डोक्यावर घेऊन ही जात जगली, हेही विसरून चालणार नाही.

खरं कारण चाऱ्यात

गाय-म्हशीची शिंगं कायमची असतात. हरणाच्या नराची मात्र दरवर्षी गळतात आणि नवी येतात. आपल्याकडच्या सांबराचं, चितळाचंही तसंच. या हरणाला सुमारे ४० किलोची शिंगं काही महिन्यांतच उभी करावी लागत. त्यासाठी लागणारं कॅल्शियम आणि फॉस्फरस चाऱ्यातून पुरेसं मिळालं नाही, तर ते स्वतःच्या हाडातून काढलं जायचं. व्यालेली गाय दुधासाठी हाडं झिजवते, तसाच हा प्रकार. पुढे चांगला चारा मिळाला तर हाड भरून निघायचं.

साधारण १२,९०० वर्षांपूर्वी आयर्लंडमध्ये थंडी पुन्हा वाढली आणि हजारावर वर्षं टिकली. कुरणं आटली, गवताचा हंगाम आखूड झाला. झीज भरून निघेना. डब्लिनजवळच्या बॅलीबेटा दलदलीत शंभरावर हरणांचे सांगाडे मिळाले, त्यात बहुतेक नर. मिलनाच्या हंगामात झुंजून खंगलेले नर हिवाळ्यात चाऱ्याविना मेले, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. आयर्लंडमधली हरणं त्या थंडीतच संपली.

सायबेरियात मात्र ही जात साधारण ७,७०० वर्षांपूर्वीपर्यंत तग धरून होती. पुढे थंडी ओसरल्यावर दाट जंगल वाढलं आणि मोकळी कुरणं तुटक झाली. माणूसही शिकार करत होता. शिकारीचा वाटा किती, यावर अजून वाद आहे.

एवढं मात्र स्पष्ट आहे, की जनावर कितीही दांडगं असो, त्याचा खर्च वर्षाच्या चाऱ्यातूनच भागतो. चारा तुटला, की आधी दांडगंच अडचणीत येतं. दुष्काळात दावणीला जास्त दुधाची गाय असलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.