मोटारसायकलचा फवारा-रंग व क्लिअर कोट : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
यवतमाळ हा प्रामुख्याने कापूस पिकविणारा जिल्हा. येथे पोळ्याला बैलांची शिंगे रंगविली जातात आणि दसऱ्याला मोटारसायकल धुऊन, झेंडूचा हार घालून तिची पूजा केली जाते. राबणाऱ्या साधनाचे रूप सांभाळण्याची ही वृत्ती जुनीच आहे. त्यासाठी लागणारी रसायने मात्र गेल्या शंभर वर्षांत पूर्णतः बदलली. या बदलाचा इतिहास आणि रंगकाम करणाऱ्या कारागिराच्या आरोग्याशी असलेला त्याचा संबंध यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ब्रशकडून फवाऱ्याकडे :
विसाव्या शतकाच्या आरंभी वाहनांना व्हार्निशचे अनेक थर ब्रशने दिले जात व ते काम पूर्ण होण्यास कित्येक आठवडे लागत. १९२३ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने ‘ड्युको’ हे नायट्रोसेल्युलोज लॅकर आणले. ते काही तासांत वाळे. परंतु इतक्या वेगाने वाळणारा रंग ब्रशने सारखा पसरत नसे. परिणामी स्प्रे गन अपरिहार्य ठरली. भारतात हे व्यापारी नाव इतके रुळले की, फवाऱ्याने दिलेल्या चकचकीत रंगालाच ‘ड्युको’ म्हटले जाऊ लागले. १९४९ मध्ये अमेरिकेतील एडवर्ड सेमूर यांनी दाबाखालील वायूसह रंग डब्यात भरला आणि कॉम्प्रेसरविना फवारणी शक्य झाली.

क्लिअर कोटचे आगमन :
धातूची झाक देणाऱ्या रंगातील ॲल्युमिनियमचे सूक्ष्म कण उघड्यावर निस्तेज होतात. म्हणून खाली रंग व वर पारदर्शक क्लिअर कोट अशी विभागणी पुढे आली. रंग एका थराने द्यावा आणि चकाकी व संरक्षण दुसऱ्याने, हे तिचे तत्त्व होय. भारतात १९५० च्या दशकाच्या मध्यापासून मद्रासमध्ये बुलेट तयार होऊ लागली. १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आणि २००१ मध्ये बजाजची पल्सर आली. मोटारसायकल ग्रामीण कुटुंबापर्यंत पोहोचली, तसे तिचे रंगकामही तालुक्याच्या गावी होऊ लागले.

कारखान्यात बंदिस्त कक्षात फवारलेला रंग भट्टीत पक्का केला जातो. दुरुस्तीत मात्र लांबी भरून, काचकागदाने घासून, प्रायमरवर रंग चढवावा लागतो. डब्यातील साधा क्लिअर कोट केवळ द्रावक उडून वाळतो; त्यामुळे टाकीच्या तोंडाशी पेट्रोल सांडल्यास तो मऊ पडतो. पावसाळ्याच्या दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाकही येते. यावर उपाय म्हणजे हार्डनर मिसळून वापरावयाचा पॉलियुरेथेन क्लिअर कोट. त्यात रासायनिक बंध तयार होत असल्याने तो पेट्रोलला दाद देत नाही. तथापि, हार्डनरमधील आयसोसायनेटचे तुषार श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. त्याचा वास फारसा जाणवत नसल्याने नाक वेळीच इशारा देत नाही आणि तोंडावर बांधलेला रुमाल तो अडवू शकत नाही.

समारोप :
२०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर कीटकनाशक फवारताना झालेल्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी घेतला. तेथील रसायन वेगळे होते. परंतु तुषार, वारा आणि असुरक्षित श्वास ही परिस्थिती दोन्हीकडे सारखीच. चकाकीचे तंत्र कारखान्यातून उघड्या शेडपर्यंत आले. बंदिस्त कक्ष, हवा खेचणारे पंखे आणि श्वसनयंत्र ही संरक्षक साधने मात्र त्याबरोबर आपोआप येत नाहीत. म्हणूनच औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षणात आणि रंगविक्रेत्याच्या सल्ल्यात डब्याच्या किमतीइतकेच श्वसन-संरक्षणालाही स्थान मिळणे आवश्यक आहे. तंत्रज्ञानाचा इतिहास वस्तूच्या पृष्ठभागापाशी थांबत नाही. तो पृष्ठभाग घडविणाऱ्या माणसापर्यंत गेल्यासच पूर्ण होतो.