पडद्याच्या अलीकडच्या बायका

मला सिनेमाचं वेड आहे, हे आसनगावात कुणापासून लपलेलं नाही. आज माझ्या आवडत्या सिनेमांबद्दल बोलायचं आहे. पण त्याआधी एक प्रश्न. सिनेमा बघायला बाई बसली कधी आणि कुठे? इतिहासात सिनेमा काढणाऱ्यांची नावं सापडतात, बघणारीबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली गेली. तिकीट एक रुपया. थोड्याच दिवसांत हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत झाले आणि पडदानशीन बायकांसाठी राखीव बॉक्स असल्याची जाहिरात आली. म्हणजे सिनेमा या देशात आला आणि लगेच बाईला कुठे बसवायचं हा प्रश्न उभा राहिला. धंद्यासाठी का होईना, पण राहिला! चार आणेवाल्या बाईचं काय, हे मात्र जाहिरातीत नव्हतं.

बघणारीची ही कथा, तर काम करणारीची आणखी निराळी. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या कामाला एकही बाई मिळेना. शेवटी अण्णा साळुंके या तरुणाने लुगडं नेसलं. त्याच साळुंक्यांनी १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोघंही केले. पण पडद्यामागे एक बाई पहिल्या दिवसापासून होती, सरस्वतीबाई फाळके. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे, वर फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं कामही त्याच करत. भांडवलासाठी दागिने गेले ते त्यांचेच. १९१३ मध्येच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, तेव्हा कुठे बाईचं काम बाईने केलं.

पुढे गावोगावच्या जत्रांत तंबूतले सिनेमे सुरू झाले. साताऱ्याकडच्या पुसेगावची जत्रा त्यासाठी प्रसिद्ध. कनातीच्या आत मधोमध दोरी किंवा कापड, एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका-पोरं. खाली जमीन, बसायला घरचं पोतं. आज ते ऐकून कुणाला हसू येईल, पण त्या दोरीमुळेच कितीतरी जणींना घरून ‘जा’ म्हटलं गेलं असणार.

आपल्या आसनगावला रेल्वे १८६० मध्येच आली. सिनेमासाठी मात्र आम्ही कल्याण गाठायचो. मुरबाडकडच्या बायकांना तर एसटीच. त्यामुळे आम्ही सिनेमा निवडत नसू, खेळ निवडत असू. तीन ते सहाचा जमायचा. सहा ते नऊचा म्हणजे परतीच्या लोकलची धाकधूक आणि घरी गेल्यावर प्रश्न. नऊ ते बाराचा खेळ पुरुषांचा, असं कुणी लिहून ठेवलं नव्हतं, तरी सगळ्यांना माहीत होतं.

आता आवडीचं. पहिला नंबर ‘कुंकू’चा. प्रभातचा, १९३७चा, दिग्दर्शक व्ही. शांताराम. मामा पैशासाठी नीराचं लग्न म्हाताऱ्या वकिलाशी लावून देतो आणि ती मुलगी त्याला नवरा मानायचं साफ नाकारते. शांता आपट्यांनी ती नीरा अशी उभी केली आहे की अंगावर काटा येतो. रडून भागत नाही म्हणून ती उलट बोलते, वेळ आली तर छडीही उचलते. या सिनेमात वेगळं पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, घरातले आवाज, एवढंच. एका कोंडलेल्या घराला तेवढं पुरतं. त्यात वकिलाच्या समाजसेविका मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलं, ज्यांनी प्रत्यक्षातही कुटुंबनियोजनासाठी आयुष्यभर काम केलं. शेवट मात्र मला अजून पटत नाही. नीराला मोकळं व्हायला नवऱ्याने मरावंच का लागलं?

त्याचं उत्तर मला १९८२च्या ‘उंबरठा’त मिळालं. डॉ. जब्बार पटेलांचा सिनेमा, स्मिता पाटीलची सुलभा. इथे नवऱ्याला मरावं लागत नाही. सुलभा नोकरीसाठी घर सोडते, परत येते, आणि आता इथे आपली जागा उरली नाही हे कळल्यावर पुन्हा निघते. मूळ कथा शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीची.

‘माहेरची साडी’ला शहाणी माणसं नाकं मुरडतात. १९९१ साली अलका कुबलसाठी बायकांनी थिएटरं भरली आणि पदर भिजवले. सिनेमा भडक आहे, मान्य. पण सासरच्या दुःखाबद्दल चारचौघांत रडायला त्या अंधाराशिवाय दुसरी जागा कुठे होती? १९७५च्या ‘जय संतोषी माँ’ला बायका चपला बाहेर काढून आत जात. तिथे भक्ती होती, आणि घरून परवानगी मिळायला तेवढं कारणही भक्कम होतं.

२०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ आला आणि नऊवारी नेसून, गजरे माळून बायकांचे गटच्या गट थिएटरात गेले. आमचाही गट गेला, लोकलने, दुपारच्याच खेळाला. गटातल्या दोघी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा थिएटरात आल्या. एकीने आत शिरताना हळूच विचारलं, “बायकांची बाजू कोणती?” तिला आम्ही बरोबर मधल्या खुर्चीवर बसवलं.