भरतपूरच्या म्हशी आणि विद्वानांची सभा

शास्त्रीय संस्था म्हटली की बाटल्यांतले साप, जाडजूड ग्रंथ आणि चार विद्वानांचा वाद एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. अशा संस्थेचा राज्यकारभाराशी संबंध काय, असे कोणी विचारल्यास आम्ही ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या इतिहासाकडे बोट दाखवू.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ गृहस्थांनी ही संस्था काढली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. नमुने दाखवावे, निरीक्षणे सांगावी, एवढाच हेतू. १८८६ मध्ये संस्थेचे नियतकालिक निघाले. १९११ मध्ये सस्तन प्राण्यांची देशव्यापी पाहणी सुरू झाली. १९४१ मध्ये सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले आणि हे ज्ञान सामान्य वाचकाच्या हाती आले.

प्राण्यांची नावे कळली, तरी त्यांचा संसार कळत नाही. जीव, त्याचे अन्न, पाणी आणि शेजारी यांचा एकत्र विचार करणारे शास्त्र ते परिस्थितिविज्ञान. त्याची खरी कसोटी राजस्थानातील भरतपूरच्या पाणथळीवर लागली.

हे पूर्वी संस्थानिकांचे शिकारीचे ठिकाण. पुढे तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८२ मध्ये गुरांची चराई बंद करण्यात आली. म्हशी पाखरांचे नुकसान करतात, असा समज होता. सोसायटीतील जाणत्यांचाही बंदीस पाठिंबा होता. पिढ्यान्‌पिढ्या तेथे गुरे चारणारे गावकरी चिडले, पोलिसांशी झटापट झाली, गोळीबारात माणसे मेली.

त्याच काळात सोसायटीचे संशोधक तेथे काम करीत होते. १९८० ते १९९० अशी दहा वर्षे त्यांनी पाणी, गवत, मासे व पाखरे यांचा अभ्यास केला. निष्कर्ष उलटा निघाला. म्हशी पाण्यातले गवत खाऊन पाणी मोकळे ठेवीत होत्या. त्या गेल्यावर पास्पॅलम नावाचे गवत माजले, उघडे पाणी आटत चालले आणि त्याचा फटका ज्यांच्यासाठी बंदी घातली त्या पाखरांनाच बसला!

आमच्या मते संस्थेचे मोठेपण येथे आहे. आपल्याच मंडळींचे मत खोडून काढणारा पुरावा तिने दडपला नाही, अहवालात छापला. मात्र मेलेली माणसे त्याने परत आली नाहीत. अभ्यास आधी आणि हुकूम नंतर, हा क्रम उलटला की त्याची किंमत बहुधा गरिबालाच मोजावी लागते.

म्हणून, श्रोतेहो, उद्या आपल्या गावच्या तळ्याकाठी ‘हे बंद, ते बंद’ अशी पाटी लागली, तर तिला विरोध करण्यापूर्वी वा टाळ्या पिटण्यापूर्वी एकच विचारा: येथले पाणी, गवत आणि माणसे यांच्याकडे किती वर्षे कोणी पाहिले आहे?