एका न बोलल्या जाणाऱ्या दुखण्याचा इतिहास



रोगांचा इतिहास लिहूं लागलें म्हणजे लेखणी सहजच पटकी, प्लेग, देवी अशा गांवेंच्या गांवें ओस पाडणाऱ्या रोगांकडे वळते. पण ज्या दुखण्यानें सहसा कोणी मरत नाहीं, आणि म्हणूनच ज्याची दखल कोणी घेत नाहीं, त्यालाहि इतिहास असतो. आज ज्या दुखण्याचा वृत्तांत सांगावयाचा आहे, त्याला आपल्या घरांत स्वतःचें असें नांवहि नाहीं. ‘अंगावरून पांढरें जातें’, ‘धुपणी लागली आहे’, ‘आग होते, कंड सुटतो’, एवढें लेक आईला हळूच सांगते आणि विषय तेथेंच मिटतो. योनिमार्गांत कँडिडा नांवाच्या बुरशीची वाढ होऊन हा दाह उत्पन्न होतो. शंभरांतील सुमारें ७५ स्त्रियांना आयुष्यांत एकदां तरी तो भोगावा लागतो. शंभरांतील सुमारें ५ ते ९ स्त्रियांना तर तो पुनःपुन्हां, वर्षांतून तीन-चार वेळां गांठतो. इतक्या घरांत वावरणाऱ्या दुखण्याविषयीं इतकें मौन कां असावें, आणि त्या मौनाची किंमत काय पडली, हें पाहण्यासाठीं त्याचा इतिहास चाळणें उपयुक्त आहे.

आपल्या प्राचीन वैद्यांनीं मात्र हें मौन पाळलें नव्हतें. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील तिसावा अध्याय मुख्यतः स्त्रियांच्या या विकारांना वाहिलेला आहे. चरक आणि सुश्रुत या दोघांनींहि योनिव्यापदांची संख्या वीस मानिली आहे. त्यांपैकीं कफापासून होणाऱ्या प्रकाराचें लक्षण म्हणून त्यांनीं बुळबुळीतपणा आणि कंड हीं सांगितलीं आहेत. औषधी काढ्यांनीं धुणें आणि औषधांत भिजविलेला कापसाचा बोळा ठेवणें हे त्यांचे उपचार होते. या कफज प्रकाराला आजच्या बुरशीजन्य दाहाचें नांव सरसकट चिकटवितां यावयाचें नाहीं, कारण त्या वैद्यांजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता, आणि एकच लक्षण अनेक कारणांनीं उत्पन्न होऊं शकतें. परंतु स्त्रीच्या या तक्रारीला त्यांनीं ग्रंथांत मानाचें स्थान दिलें, लाजेचें नव्हे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

या रोगाच्या कारणाचा शोध मात्र लागला तो स्त्रियांच्या दुखण्यावरून नव्हे, तर तान्ह्या मुलांच्या तोंडावरून. अशक्त मुलांच्या जिभेवर दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर जमतात, हें हिप्पोक्रेटिसाच्या काळापासून ठाऊक होतें. १८३९ मध्यें लांगेनबेक या जर्मन वैद्यानें एका ज्वरानें मेलेल्या रोग्याच्या घशांतील अशा थरांत बुरशी पाहिली. पण ती ज्वराचेंच कारण असावी असा तर्क करून तो आडवाटेला गेला. पुढें पॅरिसमध्यें ग्रूबी यानें आणि स्टॉकहोममध्यें बर्ग यानें, मुलांच्या तोंडांतील थर या बुरशीचेच असतात हें दाखवून दिलें. १८४९ मध्यें विल्किन्सन या इंग्रज वैद्यानें योनिस्रावांत तशीच बुरशी आढळल्याचें लिहिलें. १८७५ मध्यें हाउसमान यानें आईच्या ठिकाणची आणि बाळाच्या तोंडांतील बुरशी एकच असल्याचें सिद्ध केलें. जें दुखणें लेंकराच्या तोंडांत उघड दिसत होतें, तेंच आईच्या शरीरांत आहे, हें समजण्यास अशीं छत्तीस वर्षें लागलीं. रोग एकच, परंतु एक दाखवितां येत होता, आणि दुसरा दाखविण्याची लाज वाटत होती!

या बुरशीचीं नांवेंहि वारंवार बदललीं. रोबँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५३ मध्यें तिला एक नांव दिलें, त्सोप्फ यानें १८९० मध्यें दुसरें. शेवटीं १९२३ मध्यें ख्रिस्टीन बेर्खाउट या डच विदुषीनें आपल्या प्रबंधांत ‘कँडिडा’ हें कुलनाम सुचविलें आणि तेंच टिकलें. लॅटिन भाषेंत त्याचा अर्थ शुभ्र. आणि या कुलांतील मुख्य जातीचें ‘आल्बिकान्स’ हें नांवहि पांढरेपणाचेंच द्योतक आहे. म्हणजे तिच्या नांवांत शुभ्रता दोनदां आली आहे.

दरम्यान दुसऱ्या एका दिशेनें ज्ञानाचा प्रकाश आला. १८९२ मध्यें ड्योडरलाइन या जर्मन वैद्यानें दाखविलें, कीं निरोगी योनिमार्गांत कांहीं उपकारक जंतूंची वस्ती असते. ते जंतु दुग्धाम्ल उत्पन्न करितात आणि त्या आंबटपणामुळें पुष्कळशा उपद्रवी जंतूंना तेथें थारा मिळत नाहीं. निसर्गानें त्या ठिकाणीं स्वतःचाच पहारा बसविला आहे! हा शोध नीट समजून घेतला असता, तर आंतून धुण्याचा उपद्व्याप तेव्हांच थांबावयास हवा होता. घडलें मात्र उलटेंच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंत लायसॉलसारख्या फरशी पुसण्याच्या जंतुनाशकानें स्त्रियांनीं अंतर्भाग धुवावा, अशा जाहिराती मासिकांतून झळकत होत्या. नवऱ्याची मर्जी राखण्याचा तो मंत्र म्हणून सांगितला जाई. पहारेकरीच पळवून लावल्यावर घराचें संरक्षण कोणी करावें?

याच्या उलट टोंकाला आंबटपणावर भिस्त ठेवणारे लोक होते. जंतु आंबटपणाला भितात, तर व्हिनेगर किंवा लिंबू कां वापरूं नये, असा त्यांचा प्रश्न. परंतु येथें एक बारकावा आहे. कँडिडा ही बुरशी त्या स्वाभाविक आंबटपणांतहि सुखानें राहते. हा दाह चालू असतां योनिमार्गाचा आंबटपणा बहुधा नेहमीसारखाच असतो. तेव्हां आंबट पाण्यानें धुतल्यानें बुरशी मरत नाहीं, आणि आधींच सुजलेली त्वचा मात्र अधिक चुरचुरते.

आतां दह्याविषयीं. मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या आरंभीं आंबविलेल्या दुधाची महती गाइली, आणि तेव्हांपासून दहीं हें अनेक व्याधींवरील औषध ठरलें. पण दह्यांतील जंतु आणि योनिमार्गांतील जंतु हे एका गोत्राचे असले तरी एका घरचे नव्हेत. २००४ मध्यें ऑस्ट्रेलियांत स्त्रियांच्या मोठ्या गटावर परीक्षा करण्यांत आली. प्रतिजैविक औषध घेणाऱ्या स्त्रियांना असे उपकारक जंतु पोटांतून आणि योनिमार्गांतून दिले, तरी त्यांना हा दाह होण्याचें टळलें नाहीं. ताक प्यावें, दहींभात खावा. त्यानें पोटाला बरें वाटेल. परंतु दहीं जागीं लावण्याचा प्रयोग करूं नये. लसणाच्या पाकळीचीहि तीच कथा. कांचेच्या नळींत लसूण बुरशीला मारतो, हें खरें. नाजूक त्वचेवर तो प्रथम त्वचेलाच भाजतो.

घरगुती म्हणून समजल्या जाणाऱ्या वस्तूंपैकीं एकीचा इतिहास मात्र रंजक आहे. आपला टांकणखार पूर्वीं तिबेटांतून हिंदुस्थानमार्गें युरोपांत जात असे. त्याचें ‘टिंकल’ हें युरोपांतील नांव आपल्या ‘टंकण’ शब्दाचेंच रूप होय. होम्बर्ग यानें १७०२ मध्यें त्यापासून एक अम्ल काढलें, तेंच बोरिक अम्ल. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या कांहीं जातींच्या बुरशीवर, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, योनिमार्गांत ठेवण्याच्या कुपीच्या रूपानें तें आजहि देतात. पण तें पोटांत गेल्यास विष आहे आणि गर्भवतीला वर्ज्य आहे. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा समज किती फसवा आहे याचें हें उदाहरण आहे.

१९४० नंतरच्या दशकांत पेनिसिलिन आणि तिच्या पाठोपाठ इतर प्रतिजैविकें आलीं. न्यूमोनियानें मरणारीं माणसें उठून बसूं लागलीं. पण त्याबरोबर बुरशीचे विकार वाढूं लागले, कारण या औषधांनीं शत्रूंबरोबर पहारेकरीहि मारले. या संकटावर उपाय शोधला तो दोन स्त्रियांनीं. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरांत मातींतील सूक्ष्म जीव वाढवीत असत, आणि रेचेल ब्राउन आल्बनी येथें त्यांतील द्रव्यें वेगळीं करीत असत. दोघींमध्यें शेंदीडशें मैलांचें अंतर. नमुने टपालानें बरण्यांतून जात-येत. व्हर्जिनियांतील एका स्नेह्याच्या शेतांतील मातींत त्यांना बुरशीचा नाश करणारें आणि मनुष्याला सोसणारें द्रव्य गवसलें. १९५० मध्यें त्यांनीं तें जाहीर केलें, आणि न्यूयॉर्क स्टेट या आपल्या राज्याच्या नांवावरून त्याला ‘निस्टॅटिन’ म्हटलें. त्याच्या हक्कापोटीं मिळालेले एक कोटि तीस लाखांहून अधिक डॉलर त्यांनीं शास्त्रीय संशोधनाला देऊन टाकिले. १९६६ मध्यें फ्लॉरेन्स शहरांत पूर आला तेव्हां भिजलेल्या चित्रांवरील बुरशी थांबविण्यासहि हेंच औषध कामीं आलें.

पुढें क्लोट्रिमॅझोल आणि फ्लुकोनॅझोल हीं औषधें निघालीं, आणि हें दुखणें एका गोळीनें बरें होतें असा समज पसरला. एखाद्या वेळच्या दुखण्यापुरता तो बहुधा खरा आहे. वारंवार होणाऱ्या दुखण्याला तो लागू पडत नाहीं. २००४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन परीक्षेंत अशा स्त्रियांना सहा महिनेपर्यंत दर आठवड्याला फ्लुकोनॅझोल दिलें. सहा महिन्यांच्या अखेरीस शंभरांत सुमारें ९१ स्त्रिया दुखण्यापासून मुक्त होत्या. औषध थांबवून आणखी सहा महिने लोटल्यावर मात्र ही संख्या सुमारें ४३ वर आली. म्हणजे औषध रोगाला दाबतें, परंतु त्याच्या कारणाला नेहमींच हात घालीत नाहीं.

मग कारण कोणतें? ही बुरशी शंभरांतील १० ते २० निरोगी स्त्रियांच्या शरीरांत कसलाहि त्रास न देतां राहते. म्हणून ‘बुरशी कोठून आली’ यापेक्षां ‘ती आतांच कां उठली’ हा प्रश्न महत्त्वाचा. गर्भारपण, प्रतिजैविकें, स्टेरॉइड औषधें, गर्भनिरोधक गोळ्यांतील स्त्रीरस, आणि विशेषतः मधुमेह, हीं तिला उठविणारीं कारणें आहेत. आपल्या देशांत तर मधुमेहाचा विचार प्रथम करावयास हवा. कंड घेऊन आलेल्या कित्येक स्त्रियांना आपल्या रक्तांतील साखर वाढल्याचें त्याच वेळीं प्रथम कळतें. मधुमेहावरील कांहीं नवीन गोळ्या साखर लघवीवाटें बाहेर काढितात. त्यांमुळेंहि हा त्रास वाढतो. आणि पुष्कळ स्त्रियांमध्यें यांपैकीं एकहि कारण सांपडत नाहीं. २००४ मध्येंच निरोगी स्त्रियांच्या संमतीनें त्यांच्या शरीरांत ही बुरशी घालून पाहण्यांत आली. फारच थोड्यांना त्रास झाला. आणि ज्यांना झाला त्यांच्या शरीरांतील रक्षक पेशींनींच तेथें गर्दी करून दाह माजविला होता. म्हणजे कांहीं जणींच्या बाबतींत शरीर दुबळें नसतें, तें गरजेपेक्षां जास्त चवताळतें. हें दुखणें अस्वच्छतेचें किंवा दुर्वर्तनाचें फळ आहे, या समजुतीला यापुढें आधार उरत नाहीं.

तर मग खरा नैसर्गिक उपचार कोणता? तो साधा आहे. आंतून कधींहि धुवूं नये. बाहेरून साधें पाणी पुरे. सुगंधी साबण, अत्तरें आणि जंतुनाशकें दूर ठेवावीं. सुती, सैल वस्त्र वापरावें आणि ओलें वस्त्र अंगावर राहूं देऊं नये. मधुमेह असल्यास साखर आटोक्यांत ठेवावी. विनाकारण प्रतिजैविकें घेऊं नयेत. यांतील एकहि गोष्ट औषधाची जागा घेत नाहीं, पण प्रत्येक गोष्ट निसर्गाच्या पहाऱ्याला मदत करते.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे तपासून घ्यावें. २००२ सालच्या एका अमेरिकन पाहणींत असें दिसलें, कीं स्वतःच निदान करून दुकानांतून बुरशीचें औषध आणणाऱ्या शंभर स्त्रियांपैकीं सुमारें ३४ जणींनाच केवळ बुरशीचा विकार होता. बाकीच्यांचें दुखणें दुसरेंच होतें, किंवा त्याच्या जोडीला दुसरेंहि होतें. कित्येकींना तर कांहींच झालें नव्हतें. थोडासा निर्गंध पांढरा स्राव तर प्रकृतीचाच भाग आहे. अंदाजानें औषध घेणें म्हणजे पत्ता न पाहतां पत्र टाकणें होय. वर्षांतून तीनदां त्रास झाला, दुर्गंधी आली, ताप आला, ओटीपोटांत दुखलें, किंवा गर्भारपणांत हें दुखणें उद्भवलें, तर वैद्यकीय तपासणीला पर्याय नाहीं. गर्भवतीनें पोटांतून घ्यावयाची बुरशीची गोळी स्वतःच्या मनानें घेऊं नये.

आपल्याकडे ही तपासणी शक्य व्हावी म्हणून कित्येकांनीं आयुष्यें वेंचलीं. १८८६ मध्यें आनंदीबाई जोशी यांनीं अमेरिकेंत वैद्यकीची पदवी मिळविली, आणि त्याच वर्षीं मुंबईंत स्त्रियांसाठीं कामा रुग्णालय उघडलें. पुरुष डॉक्टरापुढें बोलतां न येणाऱ्या स्त्रीला बोलण्यास जागा मिळावी, हाच या खटाटोपाचा हेतु होता. र. धों. कर्वे यांनीं १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकांतून वाचकांच्या संकोचाच्या प्रश्नांना उघड उत्तरें दिलीं. त्याबद्दल १९३४ मध्यें त्यांना न्यायालयांत उभें राहावें लागलें, तेथें डॉ. आंबेडकरांनीं त्यांची बाजू मांडिली.

सूक्ष्मदर्शक आले, औषधें आलीं, स्त्रीडॉक्टर आल्या. आतां उरलें आहे तें घरांतलें मौन, आणि तें मोडण्यास कोणत्याहि प्रयोगशाळेची गरज नाहीं. मुलीला दांतांची, डोळ्यांची निगा जितक्या सहजपणें शिकवितां, तितक्याच सहजपणें हीहि गोष्ट सांगावी. लपविलेलें दुखणें अर्धें रोगाचें असतें आणि अर्धें एकटेपणाचें. पहिल्या अर्ध्यावर डॉक्टर इलाज करील. दुसऱ्यावरचा इलाज घरच्या माणसांच्याच हातीं आहे.