मोटारीच्या रंगाचे उन्हापासून संरक्षण

मोटारीच्या पत्र्यावरील रंगाचे सर्व थर मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन असते. सर्वांत वरचा पारदर्शक थर म्हणजे क्लिअर कोट. त्यातील अतिनील किरण शोषणारी द्रव्ये वर्षानुवर्षांच्या उन्हाने क्षीण झाली, की बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) साखळ्या तुटतात, चकाकी जाते आणि टप व बॉनेटवर पांढुरके चट्टे पडून पापुद्रे सुटतात. लाल रंग लवकर विटतो.

सातारा-सांगली भागात हा त्रास सगळीकडे सारखा नाही. महाबळेश्वरकडे पाऊस आणि धुके. माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके मात्र पर्जन्यछायेतले. तेथे उन्हाच्या जोडीला धूळ व बोअरचे जड पाणी असते. धुतलेली गाडी उन्हातच वाळू दिली, तर क्षारांचे डाग उमटतात. ऊसपट्ट्यात पाचट पेटवल्यावर काजळी गाडीवर बसते. ती कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे स्वहस्ते ओरखडे काढणे.

संरक्षणासाठीच्या लेपांपैकी, ब्राझीलमधील एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण कडक उन्हात थोडेच आठवडे टिकते. कृत्रिम बहुवारिकांचे सीलंट काही महिने, तर सिलिकायुक्त सिरॅमिक लेप काही वर्षे पुरतो. मात्र या लेपाची जाडी जेमतेम एक-दोन मायक्रॉन, म्हणून ऊन अडवण्याचे जाहिरातीतले दावे जपूनच घ्यावेत. पाणी, धूळ, पक्ष्यांची विष्ठा घट्ट चिकटू न देणे हाच त्याचा मुख्य उपयोग. पापुद्रे सुटलेला भाग कोणत्याही लेपाने सुधारत नाही, पुन्हा रंगवावा लागतो. पत्र्याची साधी शेड या सर्वांहून परिणामकारक.