एक नदी, दोन घड्याळे

चर्चची घंटा झाली की वेळ झाली, हे साधे गणित आपल्या धर्मग्रामांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. परंतु एका नदीच्या दोन काठांवर अशी दोन गावे आहेत, की एका गावात बारा वाजतात तेव्हा पलीकडे अकराच वाजलेले असतात. युरोपच्या उत्तरेस, बॉथनियाच्या आखाताच्या शिरोभागी ती वसली आहेत. पूर्वेचे तोर्निओ फिनलंडचे, पश्चिमेचे हापारांदा स्वीडनचे.

तोर्निओ हे जुने गाव. १६२१ साली स्वीडनच्या राजवटीत ते वसले. १६८६ साली बांधलेले तेथील लाकडी चर्च आजही उभे आहे. १७३६ साली मोपेर्त्वी या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली एक पथक पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी येथे आले. त्यांच्या मोजणीचे दक्षिण टोक होते याच चर्चचा मनोरा. गोठलेल्या नदीच्या बर्फावर त्यांनी अंतरे मोजली आणि पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे, हे सिद्ध केले. या पथकात रेजिनाल्ड उतिये नावाचे एक कॅथलिक धर्मगुरूही होते. त्यांनी १७४४ साली या प्रवासाचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

पुढे युद्ध झाले. १८०९ च्या तहान्वये स्वीडनला फिनलंड रशियाच्या हवाली करावे लागले आणि तोर्निओही रशियाकडे गेले. हातचे गाव गेले म्हणून स्वीडनने आपल्या काठावर हापारांदा वाढविले. १८४२ साली त्यास नगराचा दर्जा मिळाला. घड्याळे वेगळी झाली ती नंतर. स्वीडनने १८७९ साली देशभर एक वेळ ठरविली व १९०० साली मध्य युरोपीय वेळ स्वीकारली. स्वतंत्र झालेल्या फिनलंडने १९२१ साली पूर्व युरोपीय वेळ घेतली. तेव्हापासून या नदीवर एका तासाचा फरक रुजला.

आता सूर्य कोणाचा? तोर्निओत तो सरासरीने बारा वाजून तेवीस मिनिटांनी माथ्यावर येतो. हापारांदात त्याच क्षणी अकरा वाजून तेवीस मिनिटे झालेली असतात. म्हणजे दोन्ही घड्याळे माणसांच्या ठरावाची आहेत, सूर्याच्या नव्हेत.

या ठरावाशी तेथील लोकांनी छान जुळवून घेतले आहे. तोर्निओचा माणूस हापारांदात आठच्या कामावर जातो, तेव्हा त्याच्या घरी नऊ वाजलेले असतात. आमंत्रण देताना वेळ कोणत्या काठाची, हे सांगावे लागते. एकीकडे युरो, दुसरीकडे क्रोना. तरी हापारांदात फिनिश बोलणारी घरे पुष्कळ आहेत. सीमेवर पसरलेल्या गोल्फच्या मैदानात एका फटक्यासरशी चेंडू तासभर पुढे किंवा मागे जातो. नववर्षाची मध्यरात्र तर दोनदा येते. १९८७ पासून दोन्ही नगरपालिका एका संयुक्त संस्थेमार्फत सहकार्य करीत आहेत.

तासाने जे तोडले नाही, ते २०२० साली एका कुंपणाने तोडले. कोरोनाच्या साथीत सीमेवर अडथळा उभा राहिला आणि नात्यागोत्यातील माणसे जाळीच्या दोन्ही बाजूंस उभी राहून एकमेकांना भेटू लागली. दोन घड्याळांची सवय झालेल्या त्या लोकांना कुंपणाची सवय नव्हती.

आपल्यालाही दोन घड्याळे अगदीच परकी नाहीत. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईने एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत जपली. आपल्या वाडवडिलांनी शहरात गाडी एका वेळेची धरली आणि घंटा दुसऱ्या वेळेची ऐकली. संसार काही अडला नाही.

आज आपली घड्याळे एक झाली आहेत. तरीही एकाच आळीत दोन भावांची दारे वर्षानुवर्षे बंद असलेली आम्ही पाहतो. वाचकहो, तोर्निओचा शेजारी पलीकडे जाताना मनातल्या मनात एक तास वजा करतो. शेजाऱ्यासाठी एवढे गणित आपणही करतो काय?